सहा इंची पडद्यासाठी पुस्तक लिहिताना

आमच्याकडे विदर्भात पुस्तक काढायचं म्हटलं की पहिली फेरी तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे होते. तिथे लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल आणि कवितासंग्रह एकाच संगणकावर टाइप होतात. पुस्तक छापून झालं की छपाईसाठी केलेल्या फाइलचीच पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते, खाली ओळ असते, 'माझे ई-पुस्तक, जरूर वाचा.' लोक ते उघडतात. दोन बोटांनी पान मोठं करतात, एक ओळ वाचायला पान डावीकडून उजवीकडे सरकवतात, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे आणतात. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर हात थकतो. लेखकाची समजूत अशी होते की खेड्यात आता वाचणारा राहिला नाही.

मला हे पटत नाही. हीच माणसं फोनवर भरपूर वाचतात. अभ्यासिकेतली पोरं पोलीस भरतीच्या नोट्स फोनवर वाचतात, संत्र्याचे बागाईतदार फळगळीवरचे लांबलचक मेसेज शेवटपर्यंत वाचतात, घरातल्या बाया रात्री प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर कथेचे भाग वाचतात. वाचायची भूक आहे. आपली बहुतेक ई-पुस्तकं सुटतात ती नावडली म्हणून नाही, वाचता आली नाहीत म्हणून. वाचकाला धरून ठेवणारं ई-पुस्तक लिहायचं तर त्याच्या हातातल्या पडद्यापासून सुरुवात करावी लागते, आणि मग लक्षात येतं की त्या पडद्यामुळे आपलं लिहिणंही बदलायला हवं.

आधी साधं गणित. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. फोनचा पडदा उभा धरला तर साधारण ७ सेंटिमीटर. म्हणजे कागदासाठी केलेलं पान फोनवर एक तृतीयांश होतं. छपाईतलं १२ पॉइंटचं अक्षर फोनवर ४ पॉइंटचं दिसतं. औषधाच्या बाटलीवरची बारीक सूचना याहून मोठ्या अक्षरात असते. त्यात मजकूर दोन स्तंभांत असेल आणि वाचक पन्नाशीचा असेल, तर चांगल्यात चांगला लेखकही त्याला थांबवू शकणार नाही.

पान नसलेलं पुस्तक

ई-पुस्तकाचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतला फरक कळला की अर्धं काम होतं. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षर पानावर ठरलेल्या जागी पक्कं बसलेलं असतं. ईपब या दुसऱ्या प्रकारात फक्त मजकूर असतो आणि हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र अशा खुणा असतात. पान कसं दिसेल, ओळ कुठे तुटेल, अक्षर केवढं असेल हे वाचकाचा फोन ठरवतो. पीडीएफ ही दाबून बांधलेली कापसाची गाठ आहे आणि ईपब हा मोकळा कापूस. पोतं लहान असो की मोठं, तो त्यात बसतो.

आतून पाहिलं तर ईपब म्हणजे वेबसाइटच्या पानांसारखी काही पानं एका झिप फाइलमध्ये गुंडाळलेली. त्यात गूढ काही नाही. ईपबचं हे मानक २००७ साली आलं, आता वेबचे नियम ठरवणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था ते सांभाळते, आणि गूगल प्ले बुक्ससारखी फुकट ॲप ते उघडतात. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात पुस्तक प्रकाशित करतानाही ईपब देता येतो.

मोकळा मजकूर किती टिकतो याचं उदाहरण ई-पुस्तकांच्या सुरुवातीलाच आहे. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर मायकल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला. पुढे त्यातूनच प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे मोफत पुस्तकांचं भांडार उभं राहिलं. त्यांनी पानाचं चित्र साठवलं नाही, साधी अक्षरं साठवली. म्हणून तेव्हा कोणाच्या कल्पनेतही नसलेल्या आजच्या फोनवर तो मजकूर विनासायास वाचता येतो.

आता पान नाही म्हटल्यावर लेखकाला काही सवयी सोडाव्या लागतात. 'पान ४३ पाहा' लिहून उपयोग नाही, कारण अक्षर मोठं केलं की ४३वं पान ७०वं होतं. तिथे त्या प्रकरणाची लिंक द्यायची. 'शेजारच्या चित्रात' लिहायचं नाही, कारण चित्र शेजारी असेलच असं नाही. शीर्षक मध्यभागी आणायला स्पेसबार दाबत जायचं नाही, नवं प्रकरण पुढच्या पानावर ढकलायला एंटर मारत बसायचं नाही. हे सगळं फोनवर विस्कटतं.

पीडीएफ वाईटच असते असं मी म्हणत नाही. लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक, नकाशे, भरायचे अर्ज यांना पीडीएफच योग्य. शिवाय आपल्याकडे पुष्कळ वाचकांना ईपब उघडायचं ॲप माहीत नसतं, पीडीएफवर मात्र बोट ठेवलं की ती उघडते. मग फोनसाठी वेगळी पीडीएफ करा. पान ९ सेंटिमीटर रुंद, १६ सेंटिमीटर उंच, समास अर्ध्या सेंटिमीटरचा, अक्षर १४ पॉइंट. संध्याकाळभराचं काम आहे आणि त्याच मजकुराचे वाचक दुसऱ्या पानावरून शेवटच्या पानापर्यंत पोचू शकतात.

अक्षर खरं असायला हवं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच आपली सगळ्यात जास्त पुस्तकं अडकलेली आहेत. युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे: प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. त्याआधीच्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये वेगळी युक्ती होती. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच राहायचा, फाँट फक्त त्या जागी देवनागरी चित्रं दाखवायचा. छापील कागदावर फरक कळत नाही. फोनवर तो फाँट नसला की मात्र अख्खं पुस्तक इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा होऊन समोर येतं. पानाचा स्कॅन असेल तर तीही शुद्ध चित्राची गोष्ट. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि अंध वाचकाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही.

म्हणून जुनी फाइल असेल तर परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून ती युनिकोडमध्ये आणा, आणि नंतर डोळ्यांनी ओळ न् ओळ तपासा. जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी इथे परिवर्तक हमखास घसरतो.

एक चूक मी जवळजवळ प्रत्येक शेतीविषयक ई-पुस्तकात पाहतो. 'शेतकऱ्यांना' हा शब्द 'शेतकर्यांना' असा पडतो. कारण साधं आहे. नेहमीचा र, मग हलन्त, मग य दिला की य-वर रफार चढतो. आपल्याला हवा तो आडवा, पापणीसारखा र, आणि त्यासाठी नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो: ऱ, हलन्त, य. बहुतेक मराठी कळफलकांवर तो असतो. दऱ्या, पऱ्हाटी, वाऱ्याची दिशा, सगळीकडे हाच नियम. ज्या माणसासाठी पुस्तक लिहिलं त्याचंच नाव प्रत्येक पानावर चुकलेलं असावं, हे मला खरोखर लागतं.

युनिकोड मजकुराचा आणखी एक फायदा खेड्यात फार मोलाचा आहे. साठवताना देवनागरीचं एक अक्षरचिन्ह सहसा तीन बाइट घेतं. चाळीस हजार शब्दांचं बिनचित्रांचं पुस्तक त्या हिशेबाने कच्च्या मजकुरात एक एमबीच्या आसपास जातं, आणि ईपबमध्ये दाबलं गेल्यावर त्याहून बरंच कमी होतं. फोनने काढलेला एक फोटोच बहुधा तीन-चार एमबीचा असतो. मेळघाटात किंवा भामरागडकडे, जिथे नेटवर्क टेकडीवर चढल्यावर मिळतं, तिथे फाइल उतरणार की नाही हे या फरकावर ठरतं.

पहिला दहावा हिस्सा

किंडलवर पुस्तक विकत घेण्याआधी नमुना फुकट वाचता येतो, आणि तो साधारण पहिल्या दहा टक्क्यांचा असतो. दुसरीकडे कुठेही वाचक पहिलीच पानं उघडून ठरवतो. आता आपली पुस्तकं आठवा. अर्पणपत्रिका, मग मान्यवरांचे शुभसंदेश, मग बारा पानी प्रस्तावना, मग लेखकाचं मनोगत, मग ऋणनिर्देश. साठ पानांच्या पुस्तकाचा नमुना प्रस्तावना संपायच्या आतच संपतो. ज्याला संत्र्याच्या डिंक्या रोगावर उपाय हवा होता, त्याला आमदारांच्या शुभेच्छा वाचायला मिळतात.

हे सगळं शेवटी न्या. प्रस्तावना चांगली असेल तर पुस्तक वाचून झालेला माणूस ती नक्की वाचेल, उलट तेव्हा त्याला ती अधिक कळेल. सुरुवातीला ठेवायचं ते एवढंच: शीर्षक, कर्त्याचं नाव, आवृत्तीची तारीख, अनुक्रमणिका, आणि लगेच मजकूर.

मजकूर कुठून सुरू करायचा? माहितीचं पुस्तक असेल तर वाचक जो प्रश्न घेऊन आला आहे तिथून. कापसावरच्या किडींचं पुस्तक पुष्कळदा असं सुरू होतं: 'कीड व्यवस्थापनामध्ये वनस्पतिजन्य कीटकनाशकांचे अनन्यसाधारण महत्त्व असून निंबोळी अर्काचा वापर हा पर्यावरणपूरक व किफायतशीर पर्याय म्हणून पुढे येत आहे.' या वाक्यात चूक काही नाही. पण वावरात उभ्या असलेल्या माणसाला यातून काहीही करता येत नाही. आता हे पाहा:

'५ किलो वाळलेल्या निंबोळ्या भरडून घ्या. रात्री ९ लिटर पाण्यात भिजत घाला. वेगळ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा भिजवा. सकाळी निंबोळीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, त्यात साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर होईपर्यंत साधं पाणी घाला. हा झाला ५ टक्के अर्क. पंपात भरताना यात आणखी पाणी घालायचं नाही.'

शेवटचं वाक्य बघा. ते पुस्तकी माणसाला सुचत नाही. कोणीतरी प्रत्यक्ष विचारलेलं असतं, 'मंग पंपात किती टाकाचं?' तेव्हा ते सुचतं. वाचकाला ओढणारं लेखन म्हणजे काय याचं उत्तर मला वाटतं इथे आहे: त्याच्या मनात येणारा पुढचा प्रश्न तुम्ही त्याच्याआधी ऐकलेला असतो. लिहिण्याआधी ज्याच्यासाठी लिहायचं त्या एका माणसाशी बोला. त्याने ज्या क्रमाने प्रश्न विचारले, तीच बहुधा उत्तम अनुक्रमणिका असते.

आणि विषय अरुंद ठेवा. 'संत्रा लागवड' हा कृषी विद्यापीठाचा विषय झाला, त्यावर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख विद्यापीठाचं आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेचं साहित्य आहे. 'आंबिया बहाराची फळगळ: कोणत्या महिन्यात काय पाहायचं' हे तुमचं पुस्तक. छापील पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात बसवावं लागायचं, एवढ्या-तेवढ्यासाठी छापणं परवडायचं नाही, म्हणून भर घालायची सवय लागली. ई-पुस्तकाला तो जाच नाही. तीस पानांत विषय संपत असेल तर तिसाव्या पानावर थांबा.

मात्र माहितीच्या पुस्तकात आकड्यांची जबाबदारी मोठी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या भागात राहणाऱ्या लेखकाने औषधाचं प्रमाण ऐकीव माहितीवरून लिहू नये. कीटकनाशकाच्या लेबलवर त्या पिकाचं नाव आहे का, मात्रा काय दिली आहे, हे स्वतः वाचून लिहा आणि ते कुठून घेतलं हे त्याच परिच्छेदात सांगा. मिलिलिटर आणि ग्रॅममधली एक गल्लत फाइलसोबत गावोगाव फिरते.

कथेची सुरुवात, आणि वऱ्हाडी

कथा-कादंबरीत वाचक प्रश्न घेऊन आलेला नसतो, तो प्रश्न आपण त्याच्या मनात पेरायचा असतो. 'सातपुड्याच्या कुशीत वसलेलं, निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेलं एक छोटंसं गाव होतं' या वाक्यानंतर वाचकाला पुढे जायचं कारण नाही. अशी गावं त्याने पुष्कळ वाचली आहेत, आणि तो स्वतः ज्या गावात बसला आहे ते तसं नाही. त्याऐवजी:

'पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सगळ्यांच्या जोड्या उभ्या राहिल्या, आणि महादेव एकच बैल घेऊन आला.
"काहून रे, दुसरा कुठी हाये?"
"इकला."'

तीन ओळींत गाव आलं, सण आला, माणसाची अडचण आली आणि एक शब्दाचं उत्तर आलं. वाचक आता विचारतो, का विकला? आणि विकला तर हा उरलेला कशाला सजवून आणला?

वऱ्हाडीत लिहावं की प्रमाण मराठीत, हे मला अनेक जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: संवाद बोलीत लिहा, न घाबरता लिहा. पूर्व विदर्भातले असाल तर तिकडच्या झाडीबोलीत लिहा. जळगाव किंवा साताऱ्याच्या वाचकाला एखादा शब्द अडला तरी माणसाचा आवाज त्याला ऐकू येतो, आणि तो आवाज ऐकायलाच तो तुमचं पुस्तक उघडतो. निवेदन पूर्ण वऱ्हाडीत करायचं असेल तर तेही करता येतं, पण फोनवर वाचताना नवखा वाचक लवकर दमतो हे लक्षात घेऊन परिच्छेद आखूड ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, बोलीचं लेखन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखं हवं. कुठे 'हाये', कुठे 'हाय', कुठे 'आहे' असं झालं की वाचक अडखळतो, शिवाय ई-पुस्तकात शब्द शोधायची सोय असते आणि ती वेगळ्या लेखनाला वेगळा शब्द समजते. सुरुवातीलाच वहीत तुमच्या शब्दांची यादी करून ठेवा. दुसरी, अर्थ कंसात देऊ नका. वाक्यातूनच कळू द्या. 'वेचा संपला तरी त्याने पऱ्हाटी उपटली नाही, पाणी देऊन फरदड घेतली.' ज्याने कापूस कधी पाहिला नाही त्यालाही फरदड म्हणजे काय ते इथे समजतं.

फोनवरच्या वाचनाला सलग वेळ क्वचित मिळतो. एसटीची वाट पाहताना, दवाखान्याच्या रांगेत, सोसायटीच्या ऑफिसबाहेर, असं तुकड्यातुकड्यांत ते होतं. म्हणून प्रकरण दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढं असू द्या, आणि तीन दिवसांनी पुन्हा उघडणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत आपण कोणाच्या घरात, कोणत्या वेळी आहोत हे कळू द्या. 'तो म्हणाला' ऐवजी तिथे 'महादेव म्हणाला' लिहा. ही छोटी दया वाचक लक्षात ठेवतो.

मोटारपंपाशी बसलेला वाचक

शेतीची वीज आपल्याकडे काही दिवस रात्रीच्या पाळीत असते. पाणी द्यायला गेलेला माणूस लाइनची वाट पाहत शेताच्या धुऱ्यावर बसतो, पडदा काळा करून वाचतो. आता लेखकाने मजकुराला हौसेने ठरावीक काळा रंग दिलेला असला, तर काही ॲपमध्ये काळ्या पडद्यावर काळी अक्षरं नाहीशी होतात. रंग देऊच नका, तो निर्णय फोनवर सोडा. पांढऱ्याधोप पार्श्वभूमीची चित्रं अंधारात डोळ्यांवर येतात, तीही मोजकीच ठेवा.

पण जिथे फोटो हवा तिथे तो हवाच. गुलाबी बोंडअळीने पोखरलेलं बोंड आणि कापसाच्या फुलाची न उमललेली, गुलाबासारखी मिटलेली अवस्था शब्दांत कितीही सांगितली तरी एक जवळून घेतलेला फोटो अधिक सांगतो. फोटोत शेजारी बोट किंवा नाणं असू द्या म्हणजे आकार कळेल. फाइलमध्ये घालण्याआधी त्याची रुंदी कमी करा, १००० पिक्सेलच्या आसपास फोनला पुरते. फोटोत काय दिसतं त्याचं एक वाक्य पर्यायी मजकूर म्हणून जोडा. फोनकडून ऐकून वाचणाऱ्यांना तेवढाच आधार असतो. सहा स्तंभांचे तक्ते फोनवर वाचता येत नाहीत. ते मोडून प्रत्येक महिन्याचा एक छोटा परिच्छेद करा.

बनवायचं कसं

महागडं काही लागत नाही. फोनवर बोलून टाइप करता येतं, गूगलचा कळफलक मराठी बोललेलं बऱ्यापैकी उतरवतो. वऱ्हाडी मात्र तो प्रमाण मराठीत ओढतो, ते हाताने सुधारा. मजकूर गूगल डॉक्समध्ये ठेवा. प्रत्येक प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १' ही शैली द्या, नुसतं ठळक आणि मोठं करून भागत नाही, कारण अनुक्रमणिका त्या शैलीवरूनच बनते. संगणकावर फाइल मेनूतल्या डाउनलोडमध्ये ईपबचा पर्याय आहे. लिब्रेऑफिसमध्येही २०१८ पासून तो आहे. बारीकसारीक सुधारणांसाठी कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. ते कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलं.

मुखपृष्ठ दुकानाच्या पाटीएवढं दिसत नाही, यादीत ते बोटाच्या नखाएवढं दिसतं. म्हणून एकच चित्र आणि ठसठशीत शीर्षक. किंडलसाठी उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल हा आकार सुचवलेला आहे. तयार झालं की फोनवर अगदी लहान करून पाहा. नाव वाचता आलं नाही तर पुन्हा करा.

कोणाचं काय घेता येतं

आपल्या भागातल्या लेखकाला तुकडोजी महाराजांच्या ओव्या घ्यायचा मोह होतोच, आणि तो मी समजू शकतो. पण भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. महाराज १९६८ साली गेले, म्हणजे ही मुदत २०२८ अखेर संपते. विवेचनाच्या ओघात चार ओळी उद्धृत करणं वेगळं, प्रकरणंच्या प्रकरणं उतरवणं वेगळं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन मुक्त झालं आहे. इंटरनेटवरून उचललेला फोटो मात्र कोणाचा तरी असतो; स्वतः काढा, फोन हातातच आहे.

लोकगीतांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हे काम आपल्याकडे तातडीचं आहे. भाद्रपदापासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची, म्हणजे मुलींच्या पारंपरिक खेळाची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून गावोगाव आहेत. या गाण्यांवर कोणा एकाचा हक्क नाही, पण ज्या आजीने ती तुम्हाला सांगितली तिची परवानगी घ्या, तिला हवं असेल तर तिचं नाव आणि गाव गाण्याखाली लिहा. गाणी वर्णक्रमाने लावू नका. ज्या क्रमाने म्हणतात त्याच क्रमाने लावा, खाऊ ओळखायचा खेळ कुठे येतो ते मध्ये सांगा, तिने जो शब्द उच्चारला तोच लिहा. असं चाळीस पानांचं ई-पुस्तक सासरी गेलेल्या, पुण्या-सुरतेत राहणाऱ्या मुलींपर्यंत एका रात्रीत पोचू शकतं. याहून ओढ लावणारं पुस्तक मला तरी माहीत नाही.

विकायचं की वाटायचं

किंडलवर मराठी ई-पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत आणि लेखकाला स्वतः तिथे प्रकाशित करता येतं, फुकट. मानधनाचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट या योजनेत नाव द्यावं लागतं, आणि तिची अट नीट समजून घ्या: ९० दिवसांच्या मुदतीत तेच ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही देता येत नाही, फुकटही नाही. गावच्या ग्रुपवर पीडीएफ टाकली की अट मोडली. त्यामुळे आधी ठरवा. वर्णनासाठी ४००० अक्षरांची आणि शोधशब्दांसाठी सात जागांची सोय असते. तिथे 'उत्कृष्ट', 'अप्रतिम' लिहून जागा घालवू नका, वाचक शोधताना जे शब्द टाइप करील ते लिहा.

मराठी पुस्तकांसाठी बुकगंगा हे ऑनलाइन दुकानही आहे. फुकट वाटायचं असेल तर ई-साहित्य प्रतिष्ठान अनेक वर्षं मराठी पुस्तकं विनामूल्य पोचवत आलं आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक हवा असल्यास भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. किंडलला तो लागत नाही. माझा कल असा: शेतीची, आरोग्याची, परीक्षेची छोटी पुस्तकं पहिल्यांदा फुकट द्या, कथा-कादंबरीला किंमत ठेवा. कथेवर वर्षभर घालवलेल्या माणसाला पन्नास रुपये मागायचा पूर्ण अधिकार आहे.

प्रकाशित करण्याआधी एकदा तरी कोणाला तरी वाचायला देऊन शेजारी बसा. पुस्तक त्याच्याच फोनवर द्या, तुमच्या नाही. काही बोलू नका. तो कुठे दोन बोटं पडद्यावर टेकवतो, कुठे मागे जातो, कुठे झरझर खाली सरकतो ते पाहा. 'कसं वाटलं' विचारलं तर तो 'छान हाये भाऊ' म्हणेल, कारण तुम्ही समोर बसला आहात. त्याच्या अंगठ्यावर विश्वास ठेवा. मग एक परिच्छेद त्याला मोठ्याने वाचायला सांगा; जिथे श्वास पुरत नाही ते वाक्य दोन करा.

शेवटचं काम दुरुस्तीचं. ई-पुस्तकात चूक सापडली तर त्याच दिवशी नवी फाइल चढवता येते. दुकानातली प्रत बदलते, पण व्हॉट्सॲपवर गेलेली जुनी फाइल ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत राहते. शिफारसी बदलतात, एखाद्या औषधावर बंदी येते. म्हणून फाइलच्या नावातच महिना आणि वर्ष टाका, आणि पहिल्या पानावर नवी आवृत्ती कुठे मिळेल ते एका ओळीत लिहा.